काचपान आणि अठरा घरांचा काथ्या

एका गावात एक कपार होती. कपार म्हणजे डोंगराला पडलेली खाच; तिचा कसला आलाय अभिमान, असं कुणी म्हणेल. पण या गावाला होता. वैशाखात सगळा डोंगर तव्यासारखा तापायचा, ओढे आटायचे, आणि तरीही त्या कपारीच्या भिंतीतून पाणी झिरपत राहायचं. थेंब थेंब करत खालचं दगडी टाकं भरायचं. अठरा घरांचं ते गाव त्या टाक्यावर उन्हाळा काढायचं.

त्या ओल्या भिंतीवर काचपान उगवायचं.

काचपान हा एक नेचा. ना फूल, ना फळ. पान कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ. मागे बोट धरलं तर पुढून बोट दिसायचं. ऊन त्याला सोसत नसे, वारा सोसत नसे. कुणी हौसेने तोडलं तर कपारीच्या तोंडाशी येईपर्यंत ते सुतळीसारखं वळून जायचं. आसपासच्या डोंगरांतही कपारी होत्या, पण त्या उन्हाळ्यात कोरड्या पडायच्या, म्हणून पंचक्रोशीत ते दुसरीकडे कुठेच नव्हतं.

गावात एक म्हण होती, काचपान गेलं की पाणी गेलं. खरं तर गोष्ट उलटी होती. पाणी होतं म्हणून काचपान होतं. पण म्हणीची उलटतपासणी कोण करतो?

तर गावाने काचपान जपायचं ठरवलं होतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या ते जपत होतं. पान तोडणाऱ्याला दंड होता. शेळ्या येऊ नयेत म्हणून तोंडाशी काट्याची कुंपणं होती. आणि दर वर्षी चैत्रातल्या शेवटच्या मंगळवारी कपारीची आंघोळ असायची. भिंतीवर चुन्याच्या रेघा ओढून अठरा घरांचे अठरा वाटे केलेले होते. त्या दिवशी ज्याने त्याने आपला वाटा नारळाच्या काथ्याने, चुलीतल्या राखेने घासायचा. काचपानाला धक्का लावायचा नाही, मात्र त्याच्या भोवतीचं सगळं शेवाळ काढून दगड उघडा करायचा. देवाच्या घरात शेवाळ शोभत नाही, असं गुरव सांगायचा. ज्याचा वाटा सगळ्यांत लख्ख, त्या घराला टाक्यावरच्या पहिल्या घागरीचा मान.

हा मान सलग नऊ वर्षं दौलतीकडे होता. दौलती हा गावातला मोठा कामसू माणूस. त्याचा वाटा पाट्यासारखा गुळगुळीत झाला होता. पाहुणे आले की आधी तो त्यांना कपारीत नेऊन आपला दगड दाखवायचा, मग घरी नेऊन पाणी द्यायचा.

आणि सगळ्यांत घाण वाटा होता केरबाचा. अगदी आतल्या कोपऱ्यातला, जिथे दिवसासुद्धा अंधार असायचा. केरबाचा आजा तो वरवर घासायचा, बाप दोन हात मारून परत यायचा, आणि केरबा तर पाच-सहा वर्षं काथ्याच नेत नसे. लोक हसायचे.

"केरबा, तुझ्या वाट्यात बेडकं पोरं घालतील."

"घालू देत," केरबा म्हणायचा. "आमच्या घरात आळस तीन पिढ्यांचा आहे. फार कष्टाने जपलाय आम्ही."

त्या वर्षी केरबाच्या घरी नवी सून आली. तिचं नाव भिवरा. ती घाटाखालच्या भातशेतीच्या गावातली. नवरा बैलांच्या तांड्याबरोबर महिना महिना बाहेर असायचा, तेव्हा घरातली सगळी कामं तिच्यावर आणि केरबाच्या बडबडीवर. चैत्रातल्या मंगळवारी ती काथ्या आणि राख घेऊन निघाली. सासऱ्याच्या नावाला लागलेला बट्टा आपण धुऊन काढायचा, असं तिने ठरवलं होतं.

आतला कोपरा काळोखा होता. भिवराने पितळी परात आणली, कपारीच्या तोंडाशी दगडांवर टेकवून तिरकी केली आणि तिच्यातून उन्हाचा कवडसा आत पाडला. मग काथ्या उचलला आणि थांबली.

शेवाळ तिला ठाऊक होतं. शेवाळ बुळबुळीत असतं, बोटाला लागतं. हे बोटाला लागत नव्हतं. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी हिरवी लव होती ती, दगडाला घट्ट धरून बसलेली. आणि त्या लवेत, तिळाएवढं काहीतरी उभं होतं. वाकून वाकून पाहिलं तर त्या तिळातून पलीकडचं दिसत होतं.

तिच्या माहेरी भाताची रोपं तयार करताना एक नियम पाळत. वाफ्यात भात आणि तण एकदमच उगवतं, आणि कोवळेपणी दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून आई सांगायची, ओळख पटेपर्यंत खुरपं लावायचं नाही. घाई करणारी बाई तणाबरोबर भातही उपटते.

भिवराने काथ्या पदराखाली घेतला आणि न घासताच घरी आली.

"घासलंस?" केरबाने विचारलं.

"नाही मामंजी."

"शाब्बास," केरबा म्हणाला. "तू या घरात टिकशील."

पण त्या वर्षी गोष्ट हसण्यावर गेली नाही. केरबाच्या लहानपणी कपारीत काचपानाचे तीस-चाळीस झुपके होते. दर काही वर्षांनी त्यातले दोन-चार कमी होत गेले, आणि आता उरले होते फक्त तीन. कुणी मुद्दाम मोजत नव्हतं, पण तीन हा आकडा न मोजताही दिसतो. पाटलांनी देवळासमोर बैठक बोलावली.

कुठलीही गोष्ट बिघडली की गाव आधी गुन्हेगार शोधतं. कारण शोधायला नंतर वेळ मिळाला तर मिळाला. कुणी म्हणालं, शेळ्या. कुणी म्हणालं, खालच्या आळीच्या बायका कपारीत मोठ्याने बोलतात. गुरवाने नैवेद्यात मीठ कमी पडल्याची शंका काढली. मग दौलती उभा राहिला.

"सरळ बोलू का? घाण. सतरा घरं घासतात आणि एक घर घासत नाही. एक नासका आंबा सगळी अढी नासवतो."

सगळ्यांनी केरबाकडे पाहिलं. केरबाने मागे कुणी आहे का ते पाहिलं.

भिवरा बायकांच्या घोळक्यातून पुढे आली. "दौलतीकाका, एक विचारू? तुमच्या वाट्यात काचपान किती होतं?"

"माझ्या आज्याच्या वेळी पाच झुपके. सगळ्यांत जास्त."

"आणि आता?"

"आता नाही. पण दगड बघ कसा आहे."

दोन-तीन बायका पदर तोंडाला लावून हसल्या. दौलतीला कळलं नाही, का हसल्या.

"पाटील," भिवरा म्हणाली, "ते शेवाळ नाही. मी हात लावून बघितलंय. काचपान लहानपणी तसंच असणार. त्यात एक पान आलंय, तिळाएवढं. तुम्ही चला, मी दाखवते."

पाटील गेले. परातीचा कवडसा पाडून तिने दाखवलं. पाटलांनी डोळे बारीक केले, मोठे केले, आणि म्हणाले, "मला शेवाळ दिसतं."

"थोडं थांबा, पाटील. वर्षभर थांबा."

"पोरी, आम्ही सात पिढ्या ही कपार राखतोय. तू मार्गशीर्षात आलीस." पाटलांचा आवाज चढला नव्हता. त्यांना खरोखरच तिची दया आली होती. "पुढच्या मंगळवारपर्यंत वाटा घासून टाक. नाही घासलास तर तुमच्या घराची टाक्यावरची पाळी बंद."

त्या संध्याकाळी केरबा पहिल्यांदाच गंभीर झाला. पाळी बंद म्हणजे भर उन्हाळ्यात कोसभर खाली ओढ्यावर जायचं, वाळूत खड्डा खणायचा आणि वाटीवाटीने पाणी भरायचं.

"घासून टाक पोरी," तो म्हणाला. "हातभर कोपरा तो. त्याच्यासाठी तू पाण्याला मरायचं?"

"मामंजी, माझं चुकत असेल तर काय होईल? शेवाळ राहील. पुढच्या वर्षी घासता येईल. पण माझं बरोबर असेल आणि मी घासलं तर?"

केरबाने दारातल्या रिकाम्या कळशीकडे पाहिलं. मग म्हणाला, "तीन पिढ्यांत या घरात कुणी एवढा विचार केला नव्हता. बरं. एक कळशी मी आणीन."

आणि त्याने खरंच आणली. रोज एक कळशी. जाताना कण्हत, येताना कण्हत, आणि दौलतीच्या दारासमोर मुद्दाम थांबून कण्हत. भिवरा तीन खेपा करायची. टाक्यावरून रिकामी घागर घेऊन ती पुढे जायची, तेव्हा तिथल्या बायका बोलणं थांबवायच्या. एखादी हळूच म्हणायची, "घास ना गं एकदाचं, कशाला हट्ट?" भिवरा मान हलवायची आणि पुढे जायची. तिलाही रोज वाटायचं, की आपलं चुकत असेल. मग दुपारी परात घेऊन ती कोपऱ्यात डोकावून यायची. पावसाळा लागेपर्यंत पान तेवढंच होतं. काचपानाला कसलीच घाई नव्हती.

इकडे पाटलांनी उपाय सुरू केला. एका आंघोळीने भागत नाही, म्हणून आता दर अमावस्येला कपार घासायची. जो उपाय चालत नाही तोच दुप्पट करायचा, ही राज्य करणाऱ्यांची जुनी खोड आहे. पाटील अठरा घरांवरच राज्य करत होते, पण खोड तीच. सतरा घरं महिन्याच्या महिन्याला काथ्या घेऊन कपारीत जाऊ लागली. दगड असे चमकले की पाहावं. राखेचं पाणी भिंतीवरून ओघळलं. दिवाळीपर्यंत तीन झुपक्यांचे दोन राहिले. शिवरात्रीला एक. तो गुरवाच्या वाट्यात होता. गुरवाने त्याच्याभोवतीचा दगड इतक्या भक्तीने घासला, की होळीनंतर एके सकाळी तोही काळा पडून गळाला.

कुणाच्याही मनात पाप नव्हतं. हेच तर या गोष्टीतलं सगळ्यांत संतापजनक आहे. पाप असतं तर कुणाला तरी पकडता आलं असतं.

चैत्रातला शेवटचा मंगळवार आला. अठरा घरांचं गाव कपारीत जमलं. भिंत लख्ख होती, आणि तिच्यावर काचपानाचं एकही पान नव्हतं. सगळे पाण्याचा आवाज ऐकत होते. थेंब पडत होता. दुसरा थेंब पडायला वेळ लागला, की लोक श्वास धरत होते.

"संपलं," गुरव म्हणाला आणि खाली बसला.

"संपलं कसं?" दौलतीचा आवाज फुटला. "आपण वर्षभर हाडं झिजवली. आणि ही घाण अजून तशीच आहे." त्याने आतल्या कोपऱ्याकडे बोट केलं. "पाटील, आता परवानगी कसली मागायची? चला रे."

दहा-बारा माणसं काथ्या घेऊन त्याच्यामागे गेली. भिवरा तिथे आधीच उभी होती, दगडाकडे पाठ करून. केरबा तिच्या शेजारी बसला होता, कारण उभं राहिलं की त्याची कंबर दुखायची.

"बाजूला हो सूनबाई," दौलती म्हणाला. "तुझ्यावर हात टाकायची माझी इच्छा नाही."

"होते बाजूला. पण आधी एकदा बघा."

"मागच्या वर्षी पाटलांनी बघितलं."

"मागच्या वर्षी तिळाएवढं होतं. आता बघा."

पण कोपऱ्यात काळोख होता. दाखवायचं तर उजेड हवा होता, आणि उजेड कपारीच्या तोंडाशी, परातीत होता. म्हणजे भिवराला राखण सोडून वीस पावलं दूर जावं लागणार होतं, आणि कोपरा राहणार होता काथ्या घेतलेल्या माणसांच्या हवाली. केरबाच्याने कुणी अडवलं जाणार नव्हतं. ती तिथेच उभी राहिली असती तर कदाचित पाटलांनी तिच्या अंगाला हात लावू दिला नसता. वाटा वाचला असता. पण गावाच्या लेखी ते शेवाळच राहिलं असतं, आणि आज नाही तर उद्या, ती ओढ्यावर गेल्यावर, कुणीतरी ते खरवडलंच असतं.

भिवराने दौलतीकडे पाहिलं. "काका, मी उजेड पाडेपर्यंत थांबाल?"

दौलतीने आतल्या कोपऱ्याकडे पाहिलं. ती त्याच्या बाजूने निघाली. माणसांनी वाट दिली. वीस पावलं चालताना तिने मागे वळून पाहिलं नाही. पाहून काही उपयोग नव्हता. कपारीच्या तोंडाशी तिने परात उचलली, सूर्याकडे धरली, आणि हळूहळू वळवली. कवडसा भिंतीवर नाचला, लोकांच्या पागोट्यांवरून सरकला, आणि मग आतल्या कोपऱ्यात जाऊन स्थिर झाला.

दौलतीचा काथ्या दगडापासून वीतभर अंतरावर होता. तो तिथेच राहिला.

हिरव्या लवेतून पानं उभी होती. एक नाही, अकरा. काही नखाएवढी, एक करंगळीएवढं, आणि उजेड त्यांच्यातून आरपार जाऊन मागच्या दगडावर हिरवा पडला होता. दौलतीने काथ्या खाली टाकला आणि मोठ्या पानामागे सावकाश बोट नेलं. बोटावरची राखेने पडलेली भेग न भेग त्याला पानातून दिसली.

"काचपान आहे," तो म्हणाला.

मागून कुणीतरी विचारलं, "काय आहे?"

"काचपान आहे रे. काचपान."

कपारीत एकदम गलका झाला. गुरव उठून धावला आणि घसरून पडला, तरी हसत होता. बायका आत घुसल्या. एका म्हातारीने भिवराच्या हातातली परात घेतली आणि म्हणाली, "दे इकडे, तू जरा टेक." वर्षभर छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलावा तसं गाव श्वास घेत होतं. पाटील पुढे आले, त्यांनी नीट पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि म्हणाले, "मला शंका होतीच." सत्तेवरच्या माणसाला शंका नेहमी आधीपासूनच असते, फक्त ती मागाहून बोलली जाते. पण त्या दिवशी कुणी त्यांना टोकलं नाही. सगळ्यांना फार बरं वाटत होतं.

फक्त दौलती तिथून हलला नाही. तो त्या हिरव्या लवेकडे बघत होता.

"ही माझ्याही वाट्यात यायची," तो हळू आवाजात म्हणाला. "दर वर्षी. अशीच. बोटाला लागायची नाही म्हणून मी वीट घेऊन घासायचो."

केरबाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "उठ दौलती. तुला माहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. फरक एवढाच, की मला उठायचा कंटाळा होता."

पाटलांनी भिवराच्या घराची पाळी तिथल्या तिथे सुरू केली आणि पहिल्या घागरीचा मान तिला दिला. तिने घागर भरली, टाक्याच्या काठावर ठेवली आणि त्यातून आधी ओंजळभर पाणी स्वतः प्यायली. कोसभर न चालता मिळालेलं पाणी वर्षभरात तिने पहिल्यांदाच चाखलं होतं.

काथ्या बंद झाला. चुन्याच्या रेघा पुसल्या गेल्या. पण माणसाचा हात सहजासहजी स्वस्थ बसत नाही. पुढच्या चैत्रात लोक सवयीने कपारीत जमले आणि काय करावं ते न कळून उभे राहिले. मग कुणाची भिंत जास्त हिरवी, यावरून हुज्जत सुरू झाली. दौलतीने आपल्या दगडावर रोज तांब्याने पाणी शिंपडायला सुरुवात केली. भिवराने त्याला हाताला धरून बाहेर आणलं.

"काका, राहू द्या. त्याचं ते येईल."

"मी मग काय करू?"

"काही करू नका."

"ते फार अवघड आहे गं," दौलती म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं होतं.

तरी त्याने ते केलं. पहिली दोन वर्षं त्याचा दगड कोरा राहिला. तिसऱ्या वर्षी त्यावर हिरवट झाक आली. चौथ्या वर्षी लव धरली. सहाव्या वर्षी, श्रावणात, दौलती वाकून वाकून पाहत असताना त्याला त्या लवेत तिळाएवढं एक पान दिसलं.

तीन दिवस त्याने ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही, बायकोलासुद्धा नाही. कुणी कौतुकाने बघायला येईल, आणि येताना काथ्या घेऊन येईल, अशी त्याला भीती वाटली.

तात्पर्य: जे जपायचं आहे, ते लहानपणी कसं दिसतं हे आधी ओळखायला शिका, नाहीतर ज्याची राखण करतो म्हणून मिरवतो, त्याचीच पिल्लं आपण मोठ्या निष्ठेने खरवडून टाकत असतो.